केंड

फोन पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी वाजला, तेव्हा सरूबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बर्फात होते.

भाऊच्या धक्क्यावर लिलाव ऐन भरात होता. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली होती, तरी माल अजून बेताचाच येत होता. सगळ्या बायका एकाच टोपलीवर वाकल्या होत्या. सरूबाईनं पापलेटाचा कल्ला उघडून पाहिला, आत लाल होतं, आणि ती भाव बोलणार तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. तिनं पापलेट सोडून दिलं.

"घे की गो," शेजारची कुंदा म्हणाली. "जावयाचा असंल."

"मना अजून जावई नाय," असं म्हणून सरूबाई खांबाआड गेली. ओल्या बोटांनी हिरवं बटण लागेना. तिसऱ्या खेपेला लागलं.

"काय मावशी, झोप झाली का?"

तोच आवाज. कोवळा, थंड. निलेश नाव सांगायचा. कर्जाच्या कंपनीचा वसुलीचा माणूस.

"झाली रे बाबा. धक्क्यावर हाय मी."

"माहीत आहे ना मला, तू धक्क्यावर असतेस. धंदा करायला टाइम आहे, हप्ता भरायला नाही? दोन महिने झाले."

"शावन लागलाय, बाबा. गिऱ्हाईक तुटलंय. म्हाताऱ्याचा खांदा..."

"खांद्याचं मला सांगू नको. नारळी पौर्णिमेला तुमच्याकडे मोठा कार्यक्रम असतो ना? सगळा कोळीवाडा जमतो, नाचबीच असतो. त्या दिवशी टेम्पो घेऊन येतो. सगळ्यांसमोर मशीन उचलतो. बँजो चालू ठेव, मजा येईल."

फोन बंद झाला. सरूबाई खांबाला टेकून उभी राहिली. समोर लिलाववाला ओरडत होता, पण तिला ते पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू येत होतं. परत येईपर्यंत पापलेटाची टोपली दुसरीनं उचलली होती.

तिला एक गोष्ट कधी खटकली नव्हती, आणि तिथंच तिची चूक होती. हा मुलगा रोज पहाटे पाचला फोन करतो, याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. ती अडीचला उठणारी. पाच म्हणजे तिची अर्धी सकाळ सरलेली. उलट पहिल्या दिवशी तर तिला वाटलं होतं, पोरगा कामाचा दिसतो, आपल्यासारखाच लवकर उठतो.

*

चारकोप गावात खाडीच्या बाजूला सरूबाईचं घर. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पावसाळ्यात पडवीत जाळी असतात, यंदा जाळी आतल्या खोलीत होती आणि जाळ्यांखाली मशीन झाकलेलं होतं. होडीच्या मागं लावायचं ते मशीन, निळ्या डोक्याचं. गेल्या वर्षी कर्जावर घेतलेलं. कर्ज सरूबाईच्या नावावर, कारण कंपनीचा माणूस म्हणाला होता की बायांना लवकर मिळतं. आणि मिळालंही तसंच. लेकीनं, हेमांगीनं, तिच्या मोबाईलवर कंपनीच्या ॲपमध्ये दहा ठिकाणी 'हो' दाबलं आणि चार दिवसांत मशीन दारात. तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते.

चंदू, तिचा नवरा, वैशाखात होडी ओढताना पडला. उजवा खांदा निखळला. तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. तरी रोज ओहोटीला तो वल्हं मारत खाडीतल्या तिवरांच्या झाडीकडे जायचा आणि मूठभर कोलंबी, चार चिंबोऱ्या घेऊन यायचा. पौर्णिमेनंतर मशीन लागलं की खांद्याला आराम, लांबवर जाता येईल, हप्तेही निघतील. सगळा हिशेब त्या निळ्या डोक्यावर बसवलेला होता.

"कोनाचा फोन होता?" चंदूनं विचारलं. ती त्याच्या खांद्याला तेल चोळत होती.

"कोनाचा नाय."

"कुंदाचा नवरा बोलला, तू खांबामागं रडत व्हतीस."

"कांदा कापला."

"धक्क्यावर?"

तिचा अंगठा त्याच्या खांद्याच्या खळग्यात जरा जोरात रुतला आणि तो "आई गो" म्हणाला. तेवढ्यावर विषय मिटला.

हप्त्याचे फोन येतात हे चंदूला माहीत होतं, पण आषाढातला तो दिवस माहीत नव्हता. त्या दिवशी तो खाडीत असताना निलेश घरी आला होता. बूट न काढता आत आला, जाळी पायानं बाजूला सारली, मशीनवर टिचकी मारली. "हे का लपवलंय?" म्हणाला. सरूबाईनं डब्यातले दोन हजार काढून दिले. त्यानं मोजले, खिशात घातले. पावती मागायचं तिला सुचलंसुद्धा नाही. धक्क्यावर लाखाचा माल तोंडच्या शब्दावर उचलला जातो, कोण कुणाला कागद मागतं? तो निघाला तेव्हा "पुढच्या वेळी टेम्पो" म्हणाला, आणि सरूबाई खाली वाकली. बावन्न वर्षांची बाई. हेमांगीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल नसेल अशा पोराच्या चिखलाच्या बुटांना तिनं दोन्ही हात लावले.

तो पाय मागं घ्यायच्या ऐवजी हसला होता. ते हसणं तिच्या कानातून जात नव्हतं.

*

त्याच दिवशी दुपारी ती चारकोपच्याच सेक्टर पाचमधल्या इमारतींत माशांची पाटी घेऊन गेली. श्रावण असला तरी दोन-चार घरं खाणारी असतात. जिना चढून तिनं तिसऱ्या मजल्यावर हाळी दिली, "पापलेट बाय!"

सरूबाईला नावं लक्षात राहत नसत. माणूस काय घेतो, ते लक्षात राहायचं. हेमांगीनं तिच्या फोनमध्ये सगळी गिऱ्हाइकं तशीच घातली होती. पापलेट बाई. बोंबील काका. कोलंबी सेक्टर चार. सुरमई डॉक्टरीण. नाव वाचायला तिला वेळ लागे, चौथीपर्यंतच शिकलेली ती, पण माशाचं नाव अक्षर लागण्याआधीच समजायचं.

पापलेट बाई म्हणजे श्रुतिका. शाळेत शिकवायची. दार उघडलं, पण नेहमीसारखं "या मावशी, पाणी देऊ का?" झालं नाही. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मावशी, आज नको. श्रावण आहे ना."

"तुमी तर शावन पाळत नाय."

श्रुतिकानं मागं घरात पाहिलं आणि आवाज खाली केला. "मावशी, तुमच्याबद्दल दोनदा फोन आला होता मला. कुणीतरी मुलगा. म्हणाला, ती कोळीण पैसे बुडवून पळणार आहे, तिच्याकडून काही घेऊ नका, घेतलं तर तुम्हालाही त्रास होईल. माझ्या मिस्टरांनी ऐकलं. ते म्हणाले, कशाला भानगड."

सरूबाईच्या डोक्यावर पाटी होती. ती उतरवायची की तशीच ठेवायची ते तिला कळेना. कोलंबीच्या पाण्याचा एक थेंब टपकन तिच्या कानामागून मानेत उतरला.

"बरं," ती म्हणाली. "बरं बाय."

खाली दुसऱ्या बिल्डिंगीत सुरमई डॉक्टरणीनं दार उघडलंच नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

सरूबाई घरी आली, पाटी न धुताच ठेवली, आणि फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसला. गावाच्या विठ्ठल मंदिरात श्रावणाचं कीर्तन चालू होतं, रोज चार ते सहा. ती एक दिवस चुकवत नसे. त्या दिवशी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोकांत बसलं की कुणीतरी कुणाच्या तरी कानाला लागेल, असं तिला वाटायचं. टाळांचा आवाज घरापर्यंत यायचा. ती मशीनला टेकून बसायची आणि बसल्या जागी ओठ हलवायची. नाम तोंडात होतं, पण मध्येच टेम्पोचा हॉर्न ऐकू येई आणि ते तुटे. खरा टेम्पो असो, नसो.

*

पाचव्या दिवशी सकाळी काशीराम तिच्या पडवीत आला. गळ्यात तुळशीची माळ, हातात छत्री. सेक्टरमध्ये मुलाकडे राहायचा. आधी गिरणीत होता, गिरणी गेल्यावर एका बँकेत शिपाई. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी मंदिरात पखवाज वाजवायचा.

"गो सरू, देवळात खांबाकडची तुझी जागा चार दिस रिकामी आसा," तो म्हणाला. "बुवा इचारीत होते. मी म्हटलंय, आजारी असतला. बघतंय तर तू बसून तांदूळ निवडतंस."

"बरं नाय वाटत काका."

"काय होता?"

"काय नाय."

काशीराम खाली बसला. हेमांगी कामावर निघाली होती, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगला जायची. ती दारातच थांबली. आईकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, "सांग ना त्यांना. नायतर मी सांगते. माझ्याच हातनं झालंय सगळं. मीच दाबलं 'हो, हो' करून. माझ्यामुळं त्याला तुझ्या फोनातले सगळे नंबर मिळाले."

मग ते बाहेर आलं. पहाटेचे फोन, रात्री नऊचे फोन, गिऱ्हाइकांना गेलेले फोन, नारळी पौर्णिमेचा टेम्पो. आणि शेवटी, चंदू ऐकत नाही ना हे पाहून, बुटांची गोष्ट.

काशीरामनं तोवर सगळं शांतपणे ऐकलं होतं. बुटांवर आल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"तू त्येच्या पाया पडलंस?"

सरूबाईनं मान खाली घातली.

"अगो, कपाळ टेकायची जागा तुका माहीत आसा ना? चाळीस वर्षां त्या खांबाकडे बसतंस!" मग तो थांबला. छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा मारत राहिला. "माका माहीत आसा गो ता. मी बँकेत शिपाय होतंय. वसुलीच्या जीपीत माकाच बसवीत, अंगानं दांडगो म्हणून. विक्रोळीत एका घरातसून मी टीव्ही उचललंय. त्या बाईन माझे पाय धरले. मी कायएक बोलाक नाय. घराकडे येऊन जेवलंय." त्यानं गळ्यातली माळ बोटांत धरली. "ता माका अजून कीर्तनात आठावता. पखवाजावर हात थांबता."

हेमांगी कामावर जायचं विसरून उंबऱ्यावर टेकली.

"आता आयक," काशीराम म्हणाला. "पैसे देणा आसा तुका. ता खोटा नाय, ता फेडूचाच. पण ह्यो पोरगो करता ता नियमात बसत नाय. सकाळी आठच्या आधी आणि सांजच्या सातनंतर फोन करूक बंदी आसा. रिझर्व्ह बँकेचो नियम."

सरूबाईनं वर पाहिलं. "पन काका, आमी तर अडीचलाच उठतो."

काशीराम हसायला लागला. बोळकं तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तू अडीचाक उठ, नायतर उठूच नको! घड्याळ त्येनं त्येचा बघूचा, तुझा नाय."

"आणि गिऱ्हाइकांना फोन?" हेमांगीनं विचारलं.

"अजिबात नाय. शेजारी नाय, सोयरो नाय, गिऱ्हाईक नाय. चारचौघांत अब्रू काढूची नाय, धमकी देऊची नाय. मोबाईलातली नावां उचलणाच मुळात चूक. घराकडे इलो तर ओळखपत्र आणि कंपनीचा पत्र दाखवूक होया. पैसे घेतल्यान तर पावती. वस्तू उचलूची आसात तर आधी कागदार नोटीस, मुदत. टेम्पो हाडलो आणि उचलल्यान, असा होणा नाय."

"मग त्यो बोलला का तसं?"

"कारण तू भितंस."

सरूबाईला वाटलं होतं की हे ऐकून भीती जाईल. गेली नाही. उलट आता एक नवीन भीती आली. आधी फक्त सोसायचं होतं. आता काहीतरी करायचं होतं.

*

काशीरामनं सांगितलं की कंपनीकडे लेखी तक्रार द्यायची आणि एका प्रतीवर पोच घ्यायची. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पैसे पडत नाहीत. पण नुसतं "त्रास देतो" लिहून भागणार नाही. कुणाला फोन गेला, कुठल्या दिवशी, किती वाजता, काय बोलला. सगळं हवं.

"म्हंजे मी त्यांच्या दारात जाऊ?" सरूबाई म्हणाली. "शावनात? पाटी नाय काय नाय, हात हलवत?"

"तुझ्याबिगर कोण जातला?"

आयुष्यात पहिल्यांदा ती डोक्यावर काही नसताना सेक्टरचे जिने चढली. मान सारखी हलकी लागत होती. वाटेतल्या वॉचमननं विचारलं, "मावशी, आज डोकं रिकामं?" ती पुढं चालत राहिली. हेमांगी वही घेऊन मागं होती, अर्धा दिवस खाडा करून.

बोंबील काकांनी साखळी न काढता दार उघडलं. "फोन आला होता, हो. पण आम्हाला कशात घालू नका. पोलीसबिलीस नको." दार बंद. सरूबाई बंद दाराला "बरं काका" म्हणाली.

कोलंबी सेक्टर चारनं आधी नाकाला पदर लावला. पाटी नव्हती तरी. मग म्हणाली, "मला तीनदा आला. एकदा तर मी देवपूजेला बसले होते." आणि फोन आणून वेळा वाचून दाखवल्या.

तिसऱ्या मजल्यावर जायला सरूबाईचे पाय तयार नव्हते. हेमांगीनं ढकललं. श्रुतिकानं दार उघडलं.

"बाय, मी मासे इकायला नाय आयली," सरूबाईनं पाठ केलेलं एका दमात म्हटलं. "माज्यावर कर्ज हाय. दोन हप्ते थकलेत. मी पळनार नाय. त्या मानसानं तुमाला कदी फोन केला, काय बोलला, तेवडं सांगा. नाय सांगितलं तरी राग नाय."

श्रुतिका बघत राहिली. मग तिनं दार पूर्ण उघडलं. "आत या."

"नको, पायाला चिखल हाय."

"या म्हणते ना. मला लाज वाटतेय मावशी. मी त्याला एक शब्द बोलले नाही त्या दिवशी. तुम्हाला मात्र दारातून परत पाठवलं." तिनं फोन काढला. "हे बघ हेमांगी. नऊ तारीख, सकाळी सहा वाजून वीस. त्याच रात्री नऊ वाजून पाच. आणि हा मेसेज, मी पुसला नव्हता."

मेसेज वाचताना हेमांगीचा चेहरा लाल झाला. त्यात काय लिहिलंय ते सरूबाईनं विचारलं नाही. तिनं फक्त पाणी मागितलं आणि तांब्या पूर्ण संपवला.

रात्री जेवणाआधी तक्रार लिहून झाली. काशीरामनं प्रत्येक नावापुढं खरं नाव लिहायला लावलं, पण सरूबाई म्हणाली की माशांची नावं पण ठेव, नाहीतर मला कळणार कसं. तेव्हा कागदावर ओळीनं असं उतरलं: पापलेट बाई, म्हणजे श्रुतिका मॅडम, सकाळी सहा वीस. कोलंबी सेक्टर चार, सकाळी सात पाच.

"आणि त्याचा नंबर कुठल्या नावानं ठेवू?" हेमांगीनं विचारलं. तोवर तो नुसता नंबरच होता.

सरूबाईनं क्षणभर विचार केला. "केंड."

चंदू, जो आतापर्यंत भिंतीकडे तोंड करून गप्प पडला होता, तो हसला. खांदा दुखला तरी हसला. केंड मासा जाळ्यात आला की फुगतो, अंगावर काटे काढतो. त्याला कुणी विकत नाही, कुणी खात नाही. परत पाण्यात टाकून देतात.

मग हसणं थांबवून तो हळूच म्हणाला, "बुटांचं मना कदी सांगनार व्हतीस?"

पत्र्याची भिंत. त्यानं सगळं ऐकलं होतं. सरूबाई त्याच्या उशाशी जाऊन बसली. त्यानं डाव्या हातानं तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली.

*

कंपनीचं ऑफिस बोरीवलीला होतं, काचेचं, थंडगार. काउंटरवरच्या मुलानं सरूबाईकडे पाहून जरा खुर्ची मागं घेतली. "हे असं घेत नाही आम्ही. ॲपवरून कम्प्लेंट करा."

"तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचा नाव त्या भिंतीवर लिवलेला आसा," काशीराम छत्रीनं दाखवत म्हणाला. "त्येका बोलव. आमी बसतंव."

ते बसले. पाऊण तास. सरूबाईनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला. शेवटी एक साहेब आला, कागद वाचला, पापलेट बाईवर त्याची भुवई वर गेली, आणि त्यानं दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला. कागद सरकवून तो तसाच आत निघून गेला. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

तांदळाच्या डब्यातला फोन तिनं पुन्हा चालू करून कमरेला खोचला, पण पुढचे तीन दिवस तो वाजला नाही. ती रोज पाचला कमरेचा फोन चाचपायची. न वाजणारा फोन वाजणाऱ्यापेक्षा वाईट होता. "आता त्यो थेट येनार," ती चंदूला म्हणायची. "पुनवेला येनार. बोललाय तसा."

कीर्तनाला ती परत जाऊ लागली. खांबाकडे बसून ऐकायची, आणि मध्येच ओठांत नामाऐवजी तीन वाक्यं यायची. आठच्या आधी नाय. ओळखपत्र दाखव. नोटीस दाखव. मासे साफ करताना तीच, तांदूळ निवडताना तीच. बुवा देवाच्या दारात उभ्या असलेल्या भक्ताचं सांगत होते आणि सरूबाई मनात निलेशला ओळखपत्र मागत होती. मग तिनंच देवाला हात जोडले. माफ कर रे, म्हणाली. पुनव होऊ दे, मग तुजंच.

*

नारळी पौर्णिमेला दुपारी चारला गल्ली भरली होती. पोरी हिरव्या-पिवळ्या लुगड्यांत, डोक्यात अबोली. सोनेरी कागदाचा नारळ पालखीत. चंदूनं टोपी घातली होती. मशीन पडवीत आणून ठेवलं होतं, त्याला हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार. सरूबाईनंच आणायला लावलं होतं. "झाकून नको," म्हणाली होती. "झाकलं म्हंजे चोरी केल्यागत वाटतं." आणि मग तासभर तिनं गल्लीच्या तोंडावरून नजर काढली नव्हती.

हॉर्न वाजला. या खेपेला खरा.

टेम्पो गल्लीत मागं मागं येत होता. बँजोवाले थांबले. निलेश उतरला, बरोबर दोन जण. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो बारीक होता. त्या दिवशी ती खालून बघत होती, म्हणून उंच वाटला असेल.

"काय मावशी," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हार घालून तयारच ठेवलंय की!"

सरूबाईकडे तीन वाक्यं होती, ती सगळी एकमेकांत गुंतली. ती पुढं झाली, तोंड उघडलं, आणि जे पहिलं हाताला लागलं ते ओरडली:

"आठच्या आधी यायचं नाय!"

दुपारचे चार वाजले होते. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, पोरी हसल्या, बँजोवाला हसला, निलेशही हसला. सरूबाईचे कान तापले. तिला वाटलं, धरणी दुभंगावी. पण त्या हसण्यात निलेशचं ते जुनं हसणं मिसळून गेलं, आणि एकट्याचं असताना ते जेवढं मोठं होतं, तेवढं उरलं नाही.

तिनं श्वास घेतला.

"वळखपत्र दाखव."

"काय?"

"तुजं वळखपत्र. आणि माज्या नावाचं कंपनीचं पत्र. मशीन उचलायचं तर नोटीस कुटं हाय? कदी दिलीस?"

निलेशनं खिशातून ओळखपत्र काढलं, झटकन दाखवून परत ठेवायला गेला. हेमांगीनं "थांबा" म्हणून नाव वहीत उतरवलं. पत्र नव्हतं. नोटीस नव्हती. काशीराम गळ्यात पखवाज अडकवून कडेला उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ पुटपुटत होते.

"आषाढात दोन हजार घेतलेस," सरूबाई म्हणाली. आवाज अजून थरथरत होता, पण आता तो निघत होता. "त्याची पावती दे."

"पावतीबुक ऑफिसला आहे."

"मग मीच ऑफिसला येते. तितंच पैसे भरीन, तितंच पावती घेईन."

तिनं चोळीत घडी करून ठेवलेला कागद काढला, शिक्क्याची प्रत. निलेशनं तो वाचला. वाचता वाचता त्याचं फुगलेलं तोंड हळूहळू खाली आलं. त्यानं सोबत्यांकडे पाठ केली आणि अगदी हळू म्हणाला, "मावशी, हे तू दिलंस ऑफिसला? मला काल साहेबानं बोलावलं होतं. तरी मी आलो, वाटलं आज उचललं तर टार्गेट होईल, साहेब गप्प बसेल. माझी नोकरी जाईल गं."

सरूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मिशीही धड नव्हती फुटलेली. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून भीती वाटली की आता आपण पुन्हा वाकू.

ती वाकली नाही.

"तुजी नोकरी राहू दे बाबा," ती म्हणाली. "पन दिवसा फोन कर. आणि माज्या गिऱ्हाइकांना करू नको."

टेम्पो गल्लीतून बाहेर जायला फार वेळ लागला. पालखी मध्ये होती, पोरं मध्ये होती. कुंदा जवळ आली. "कोन गो ह्यो? कसला टेम्पो?"

इतके दिवस सरूबाई याच प्रश्नाला भ्यायली होती. "हप्तेवाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. "मशीनचे दोन हप्ते थकलेत. भरीन."

"एवडंच?" कुंदा म्हणाली. "आमचे तीन थकलेत." आणि मग एकदम आवाज खाली करून: "मना पन पाचलाच फोन येतो. ती वही जरा देशील?"

काशीरामनं पखवाजावर थाप मारली आणि पालखी उचलली गेली. खाडीवर नारळ सोडताना सरूबाई ओल्या चिखलात गुडघे टेकून खाली वाकली. कपाळ पाण्याला लागलं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे चंदू मशीन लावून गेला. सरूबाई धक्क्यावर गेली नाही. खाडीच्या काठावर बसून राहिली, तांब्या आणि टोपली घेऊन. पाच वाजले. फोन मांडीवर होता. सहा वाजले. पक्षी ओरडला तरी ती दचकायची. सात वाजले, ऊन तिवरांवर आलं.

आठ वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. तिला अक्षरं लावायची गरज नव्हती. पडद्यावर दोनच अक्षरं, केंड. तिनं हिरवं बटण दाबलं, पहिल्या खेपेलाच लागलं.

"नमस्कार सरूबाई, मी निलेश बोलतोय. आठ वाजून गेलेत." तो थांबला. "तुम्ही ऑफिसला कधी येऊ शकाल, तेवढं विचारायचं होतं."

तिवरांच्या वळणामागून एक आवाज येत होता. आधी माशी गुणगुणावी तसा, मग वाढत वाढत, फट-फट-फट करत, पाणी कापत. होडीचं टोक दिसलं. चंदू मागं बसला होता, दुखरा हात मांडीवर ठेवून.

सरूबाईनं दुसऱ्या कानावर तळवा दाबला.

"जरा मोठ्यानं बोल बाबा," ती म्हणाली. "आमचं मशीन आयलंय, काय ऐकू येत नाय."